झूमादिलच्या पासष्टीला सायकलने

झूमादिल फोनवर नुसतं "ये" म्हणाला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. मी इस्त्रीचा सूट घालून वडापच्या गाडीत बसलो असतो, तळ्याकाठच्या बालिक्चीला उतरून त्याच्या पासष्टीचं मटण खाल्लं असतं आणि पोटावर हात फिरवत तोकमोकला परत आलो असतो. पण तो म्हणाला, "शार्शेन, नक्की ये. आणि गाडीवाल्याला सांगून पुढच्या सीटवर बस हं. मागे गुडघे दुमडावे लागतात, तुला आता या वयात जमायचं नाही."

"या वयात" हे मला लागलं. एक तर झूमादिल माझ्यापेक्षा मोठा. दुसरं म्हणजे, एके काळी आम्ही दोघं तोकमोकच्या लोकर कारखान्याच्या सायकल संघात होतो, आणि तेव्हा हा गृहस्थ सतत माझ्या मागच्या चाकाकडे बघत सायकल चालवायचा. (तो म्हणतो, मी त्याच्या चाकाकडे बघायचो. ज्याची त्याची आठवण.)

"मी गाडीने येतच नाहीये," मी म्हणालो. "मी सायकलने येतोय."

मग त्याने फोनवर हात ठेवल्याचा आवाज आला आणि हाताच्या आडून स्पष्ट ऐकू आलं, "अरे ऐका, शार्शेन सायकलने येतोय म्हणे!" आधी एक हसू ऐकू आलं, मग चार-पाच, मग बायकांचं, आणि शेवटी एक कुत्रं भुंकलं. कुत्र्याचं मी मनावर घेतलं नाही.

सायकल गोठ्यात होती. म्हणजे खुंटीला टांगलेली होती आणि तिच्यावर कांद्याच्या माळा होत्या. माझी बायको अनारकुल गेली कित्येक वर्षं त्या वस्तूला "कांद्याचं" असंच म्हणत आली होती. मी माळा उतरवायला लागलो तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"कांदे कुठे ठेवू मी आता?"

"मी सायकलने बालिक्चीला जाणार आहे."

तिने माझ्याकडे वरून खाली पाहिलं. मधे पोटापाशी नजर जरा जास्त वेळ थांबली. "बूमच्या खिंडीतून?"

"दुसरा रस्ता कुठे आहे?"

"शंभरावर किलोमीटर चढ आहे तो."

"आमच्या वेळी एवढा चढ नव्हता," मी म्हणालो. हे मी विनोदाने म्हणालो नव्हतो. मला खरोखरच तो रस्ता सपाट आठवत होता.

"डॉक्टरचा दाखला आणा," अनारकुल म्हणाली. "दाखला असेल तर जा. नाही तर कांदे परत टांगा."

दवाखान्यातली डॉक्टर नूरझामाल. तिला मी लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलेलं आहे, त्यामुळे काम चुटकीसरशी होईल असं वाटलं होतं. तिने माझं हृदय ऐकलं, गुडघ्यावर हातोडी मारली, वजन बघून "अरे वा" म्हणाली आणि पेन खाली ठेवलं.

"तब्येत ठीक आहे, काका. पण दाखला कसला देऊ? पेन्शनर माणसासाठी आमच्याकडे दोनच दाखले आहेत. एक आजारी असल्याचा, दुसरा मेल्याचा."

"धडधाकट असल्याचा नाही?"

"तो नोकरी मागणाऱ्याला. तुम्हाला दिला तर पेन्शनवाले विचारतील, धडधाकट आहे तर घरी कशाला बसलाय?"

हे सरकारी दृष्टीने बिनतोड होतं. मी स्वतः हवामान केंद्रात आयुष्य काढलं आहे, मला अशी वाक्यं आदराने ऐकायची सवय आहे. शेवटी नूरझामालला कपाटाच्या तळाशी एक छापील दाखला सापडला, ज्यात सायकल हा शब्द होता. तो उन्हाळी शिबिराला जाणाऱ्या मुलांचा होता. तिने शिक्का मारून दिला. अनारकुलने तो अंगणात उभं राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचला: "सदर बालकास पोहणे, चेंडू व सायकल या खेळांत भाग घेण्यास हरकत नाही. डोक्यात उवा आढळल्या नाहीत."

कुंपणापलीकडून इस्खारने टाळ्या वाजवल्या.

इस्खार माझा शेजारी, दुंगान माणूस, म्हणजे मूळचा चीनकडचा, लसणाची शेती करतो. मनाने अतिशय चांगला, पण त्याला सल्ला दिल्याशिवाय जेवण जात नाही. "बायके," तो म्हणाला, कारण वयाने मोठ्या पुरुषाला इथे सगळे बायके म्हणतात, "गुडघ्यांना मेंढीच्या शेपटीची चरबी चोळा आणि सीटवर फर टाका." लसूण तर खिशात ठेवायलाच हवा होता, कशासाठी ते मात्र त्याने सांगितलं नाही. पलीकडच्या घरातल्या बुरुल आपा, वयाने आमच्या गल्लीत सगळ्यांत मोठ्या, हातात धुपाचं भांडं घेऊन आल्या आणि सायकलला तीन वेळा धूप दाखवून गेल्या. जाताना म्हणाल्या, "देवा, निदान सायकल तरी धड परत येऊ दे."

सकाळी सरावाला निघालो की लोक दारात येऊन विचारत, "कोण गेलं?" आमच्या भागात म्हातारा माणूस पहाटे घाईघाईने सायकलवरून जातो तो फक्त वाईट बातमी पोचवायला. पहिल्या आठवड्यात दोन घरांत मी उगीचच रडारड घडवून आणली. तिसऱ्या घरात मला चहा पाजून, पाठीवर हात फिरवून, "धीर धरा" म्हणाले. मी धीर धरला.

मग कपड्यांचा प्रश्न आला. सायकलवाल्यांची ती घट्ट काळी चड्डी मी बाजारातून आणली, घालून बाहेर आलो, आणि अनारकुलने दार लावून घेतलं.

"दोन मुली दिल्यात आपण या गावात," ती आतून म्हणाली. "त्यांच्या सासरची माणसं रस्त्याने जातात."

तडजोड अशी झाली की चड्डी आत आणि वर जुन्या सुटाची पँट, घोट्याशी नाडीने बांधलेली. डोक्याला हेल्मेट पाहिजे असं डॉक्टर म्हणाली होती. घरात नातवाचं होतं, त्यावर पिवळं बदक. बदक झाकण्यासाठी मी हेल्मेटवर आपली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, उंच पांढरी टोपी चढवली. आरशात पाहिलं तर डोक्यावर कोणीतरी छोटा तंबू ठोकल्यासारखं दिसत होतं. पण किर्गिझ माणूस जेवणावळीला टोपीशिवाय जात नाही, आणि मी जेवणावळीलाच निघालो होतो.

वाऱ्याची मला चिंता नव्हती. मी जाहीर केलं, "सप्टेंबरात बूमच्या खिंडीत पश्चिमेचा वारा असतो. तो आपल्याला पाठीमागून ढकलत थेट तळ्यापर्यंत नेईल."

"बायके," इस्खार आदराने म्हणाला, "तुमच्या केंद्राने 'आज पाऊस नाही' सांगितलं की आम्ही लगेच गवत झाकून ठेवायचो. फार उपयोगी खातं होतं."

निघायच्या आदल्या दिवशी अनारकुल म्हणाली, "झूमादिलसाठी चपान घेतलाय. एवढा जाड झगा तुम्ही सायकलवर कसा नेणार?" म्हणून ती वडापच्या गाडीने येणार होती. हे ऐकून इस्खार म्हणाला, वहिनी वडापने कशाला, माझी झिगुली गाडी आहे ना, आपण बायकेंच्या मागून हळूहळू जाऊ, वाटेत पडले तर उचलून घेऊ. हे ऐकून बुरुल आपा म्हणाल्या, मला तळं बघून बरीच वर्षं झाली. आणि जेवणावळीला रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून एक मेंढी ठरली. अशा रीतीने सकाळी मी एकटा सायकलवर, आणि माझ्यामागे दिवे लुकलुकवणारी पांढरी झिगुली, तिच्यात तिघं माणसं, लसणाचं पोतं, आणि डिकीतून तोंड बाहेर काढून बघणारी मेंढी, असा आमचा लवाजमा तोकमोकमधून बाहेर पडला.

पहिला तास सुखाचा गेला. पॉप्लरच्या रांगा, बीटची शेतं, आणि पायांना हळूहळू सगळं आठवत होतं. मी दोन ट्रॅक्टरांना मागे टाकलं. त्यातला एक उभा होता.

केमिनपाशी वाहतूक पोलिसाने हात केला. कोवळा पोरगा होता, कानांवर टोपी आलेली. त्याने मला पाहिलं, मागच्या लुकलुकत्या गाडीला पाहिलं, मग मेंढीला पाहिलं.

"हा ताफा कोणाचा?"

"माझाच," मी जरा अभिमानाने म्हणालो.

"ताफ्याला परवानगी लागते. परवानगी दाखवा."

माझ्याजवळ एकच सरकारी कागद होता. तो मी दिला. त्याने तो गंभीरपणे वाचला, उवांपाशी थांबला, परत वाचला.

"बालक कुठे आहे?"

इतक्यात गाडीतून बुरुल आपा उतरल्या. त्यांनी त्याला विचारलं, तू कोणाचा, कुठल्या गावचा, आईचं नाव काय, आणि दोन मिनिटांत तो त्यांच्या मावसबहिणीच्या दिराचा नातू निघाला. मग ताफा हा शब्द कोणी काढला नाही. फक्त गाडीने सायकलच्या मागे रांगत राहू नये, वाहतूक अडते, पुढे जाऊन थांबावं, एवढं त्याने हात जोडून सांगितलं. म्हणजे मला उचलायला आलेली गाडी आता माझ्यापुढे होती. मी मागे पडलो असतो तर ते कोणाला कळणार होतं, हा विचार तेव्हा कोणाच्याच मनात आला नाही. माझ्याही.

खिंड सुरू झाली आणि वारा सुटला. समोरून. तळ्याकडून निघून, सगळ्या डोंगरांना वळसे घालून, तो नेमका माझ्या छातीवर येत होता. मी मान खाली घातली. डोक्यावरचा तंबू शिडासारखा फुगला. खाली चू नदी माझ्या उलट दिशेने आरामात वाहत चालली होती. तिचा हेवा वाटला.

एका वळणावर झिगुली बाजूला उभी दिसली. बॉनेटमधून वाफ, आणि इस्खारचं डोकं बॉनेटच्या आत. अनारकुल दगडावर बसली होती.

"पंख्याचा पट्टा तुटला," इस्खार बाहेर येऊन म्हणाला. मग त्याची नजर माझ्या सीटखालच्या पिशवीवर गेली. "बायके, त्या पिशवीत काय आहे?"

"माझी जास्तीची ट्यूब आहे."

"सायकल आत्ता पंक्चर आहे का?"

"नाही."

"गाडी मात्र आत्ताच बंद आहे."

"अरे, पण पुढे पंक्चर झाली तर?"

"तेव्हा आम्ही आहोतच की मदतीला!" तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ विश्वास होता की मी पिशवी दिली. त्याने ट्यूब कापली, ताणली, गाठ मारली, पंख्यावर चढवली. गाडी खोकली आणि सुरू झाली. "बसा बसा!" तो ओरडला. "आता थांबलो तर परत सुरू व्हायची नाही! आता थेट बालिक्ची!"

दारं आपटली. अनारकुलने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सावकाश या हो!" ती ओरडली. आणि गाडी वळणाआड जाता जाता, "पण लवकर या! लोक जेवायचे थांबतील!"

मेंढीने शेवटपर्यंत माझ्याकडे पाहिलं. एवढी आपुलकी त्या दिवशी दुसऱ्या कोणी दाखवली नव्हती.

पंक्चर व्हायला फार वेळ लागला नाही. मागचं चाक. फुस्स असा आवाज झाला आणि मी खडीवर पाय टेकला. ट्यूब बाहेर काढून पाहिली तर तळहाताएवढी फाटलेली. माझ्याजवळ ठिगळाचा डबा होता, पण ही ट्यूब ठिगळाच्या पलीकडे गेली होती. मी रस्त्याच्या कडेला बसलो. खरं सांगायचं तर तेव्हा मला वाईट वाटलं. फोनवरचं ते हसणं ऐकू यायला लागलं. गुडघे दुखत होते, आणि ते दुखणं झूमादिलने आधीच सांगून ठेवलेलं होतं, हे त्याहून जास्त दुखत होतं.

तेवढ्यात कलिंगडांनी भरलेला ट्रक येऊन थांबला. "आजोबा," ड्रायव्हर म्हणाला, "सायकल कलिंगडांवर टाका, तुम्ही पुढे बसा. बालिक्चीच्या अलीकडे उतरवतो, कोणाला कळायचं नाही."

त्याने माझं मन कसं ओळखलं कोण जाणे. मी दाराला हात लावला. आतून भाजक्या सूर्यफुलाच्या बियांचा वास येत होता, सीटवर गादी होती. अनारकुल बरोबर असती तर तिने रागावून मला आत बसवलं असतं, आणि मी तिच्याच नावावर सगळं ढकलून खुशाल बसलो असतो. पण तिथे मी, ड्रायव्हर आणि नदी, एवढेच. मला नाही म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून ते मलाच म्हणावं लागलं.

"नको रे," मी म्हणालो. "पण एक कलिंगड दे."

त्याने दिलं. ते दगडावर फोडून खाल्लं आणि खाता खाता रस्त्याकडेचं सुकं गवत दिसलं. संघात असताना एकदा केलेली युक्ती हातांना एकदम आठवली. मी गवत उपटलं, त्याचे पीळ केले आणि टायरात कोंबायला लागलो. अंगठ्याने दाबून दाबून, वीतभर, मग पुढची वीतभर. बराच वेळ लागला. टायर तयार झालं तेव्हा त्याचा आकार चाकापेक्षा वळकटीसारखा जास्त होता, पण त्यावर बसता येत होतं.

त्यानंतरची वाट मी कशी काढली ते सविस्तर सांगत नाही. सायकल दर फेरीला एकदा उडी मारायची, मी तिच्याबरोबर उडी मारायचो. काही चढ मी उतरून चाललो. एका चढावर वाऱ्याने टोपी उडवली आणि मी सायकल टाकून तिच्यामागे नदीच्या काठापर्यंत पळालो. त्या दिवसातलं माझं सर्वांत वेगवान अंतर तेच. खिंड संपता संपता सुके मासे विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक माझं चाक बघून म्हणाली, "दादा, घोडा भुकेला होईल तेव्हा टायर खायला घाला!" सगळ्या खदखदून हसल्या, मग तिने मला एक मासा दिला आणि पैसे घेतले नाहीत.

आणि मग डोंगर बाजूला झाले. समोर तळं. निळं, शांत, दुसरा काठ न दिसणारं. मी थांबलो नाही, थांबलो असतो तर परत बसता आलं नसतं. पण बघत राहिलो, आणि बघता बघता एका खड्ड्यात गेलो.

झूमादिलच्या गल्लीच्या तोंडाशी गर्दी होती. इतका मोठा स्वागतसमारंभ पाहून मला भरून आलं. जवळ गेल्यावर कळलं की माझ्या बायकोने माझ्या आधी कोणाला ताट लावू दिलं नव्हतं, आणि हे सगळे भुकेने रस्त्यावर आले होते. मी दिसताच जो जयघोष झाला तो मनापासूनचा होता.

"कुठे मेला होतास?" झूमादिल पुढे धावत आला, नवा चपान अंगावर, चेहरा लाल. "मटण शिजून शिजून हाडं मोकळी झाली!" मग त्याची नजर मागच्या चाकावर गेली. टायराच्या फटीतून गवताची पाती बाहेर आली होती. तो वाकला. त्याने बोटाने टायर दाबून पाहिलं.

"गवत?" तो हळूच म्हणाला.

"गवत."

"आपण नारिनला गेलो होतो तेव्हा…"

"हो."

या वेळी तो हसला नाही. त्याने सायकल माझ्या हातातून घेतली आणि स्वतः ढकलत अंगणात नेली. त्याच्या मुलाने, जावयाने, दोघांनी हात पुढे केले, त्याने कोणाला धरू दिली नाही.

मला अंगणातल्या तंबूत मानाच्या जागी बसवलं. बसवलं म्हणजे दोघांनी धरून खाली सोडलं. मटण होतं, शेवया होत्या, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस होतं. मानाचं मेंढीचं डोकं माझ्यासमोर आलं. आमच्याच मेंढीचं नाही ना, हे मी आधी विचारून घेतलं. नव्हतं. ती मागे अंगणात लसूण खात होती. जेवून सगळे बाहेर गेले आणि मी उशीवर आडवा झालो. कमरेखालचं काहीच आता माझ्या ताब्यात नव्हतं. तंबूच्या नमद्याच्या भिंतीपलीकडे बायका बसल्या होत्या आणि अनारकुलचा आवाज येत होता.

"छे, हे काहीच नाही," ती सांगत होती. "तरुणपणी ते इथे सकाळी यायचे आणि दुपारच्या जेवणाला घरी. आत्ता जरा वाटेत थांबत आले, घाई कसली आहे? आमची गाडी बंद पडली तर यांनीच सुरू करून दिली."

बायका "हो का!" म्हणाल्या.

"आणि दमले असतील ना आता?" कोणीतरी विचारलं.

"दमतील कशाला?" अनारकुल म्हणाली. "जेवण झाल्याझाल्या पोहायला गेलेत तळ्यावर."

मी डोळे उघडले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही बाई चार लोकांत माझ्याबद्दल असं काही बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. घरात मी म्हणजे कांद्याची जागा अडवणारा माणूस. आणि इथे माझ्या नावावर पोहणं लावलेलं. पडून राहिलो तर तिचा शब्द खोटा पडत होता. मी तंबूच्या मागच्या बाजूचा नमदा उचलला आणि चार पायांवर बाहेर पडलो. कुंपण धरत, मग भिंत धरत, मग एका गायीला धरत तळ्यापर्यंत गेलो. खाली उतरायला पाय तयार नव्हते म्हणून काठावरून उलटा चालत उतरलो. पँट काढली, टोपी दगडावर ठेवली, आणि घट्ट काळ्या चड्डीत पाण्यात शिरलो.

पाणी असं गार होतं की पोटातलं कुमिससुद्धा दचकलं. पण मानेपर्यंत गेल्यावर गुडघे पहिल्यांदाच गप्प बसले. ऊन तिरपं झालं होतं. पलीकडच्या डोंगरांवर बर्फ होतं. मी तळाला पाय टेकून उभा राहिलो आणि हात हलवत राहिलो, लांबून पोहल्यासारखं दिसावं म्हणून.

थोड्या वेळाने काठावर बायकांचा घोळका आला. पुढे अनारकुल, खांद्यावर टॉवेल. मला पाहून ती क्षणभर जागीच थांबली. मी खरोखर पाण्यात असेन, असं तिला वाटलंच नसावं. मग ती चपला काढून घोट्यापर्यंत पाण्यात आली, टॉवेल द्यायच्या निमित्ताने वाकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "दुखतंय का?"

"फार."

"दुखू दे. चेहरा हसरा ठेवा. बायका बघतायत."

मी हसरा ठेवला. ठेवायला फारसा त्रास पडला नाही.